नातवंडांसह रानातील दोन दिवस

शाळांना सुटी लागली की आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या खेड्यांत शहरांकडून येणाऱ्या मोटारी थांबू लागतात. नोकरीनिमित्त हैदराबादेस किंवा नागपुरास राहिलेले मुलगे व सुना चार दिवसांसाठी घरी येतात आणि त्यांच्यासंगे नातवंडे येतात. घर भरून जाते. आजी पहाटेपासून चुलीपाशी असते. आजोबा ओसरीवर बसून मुलांची वाट पाहत असतात. परंतु पहिला दिवस सरला की एक गोष्ट ध्यानात येते. नातवंडे घरात आहेत, पण आजोबांपाशी नाहीत. ती मोबाईलच्या पडद्यात गढून गेली आहेत. आजोबांनी काही विचारले तर ती उत्तर देतात. मात्र आजोबांना प्रश्न विचारीत नाहीत.

याचा दोष मुलांस देऊ नये. घरातील नव्या वस्तू वडीलधाऱ्यांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक आहेत. पुष्कळदा आजोबाच मोबाईल हाती घेऊन नातवाला विचारतात, "बाळ, हे कसे लावायचे?" ज्याच्यापाशी विचारण्यासारखे काही उरले नाही असे मुलाला वाटते, त्याच्यापाशी ते फार वेळ बसत नाही. म्हणून आमची वाचकांस सूचना आहे की, सुटीतील दोन दिवस नातवंडांना घेऊन रानात राहावे. तेथे विचारणारा नातू असतो आणि सांगणारे आजोबा असतात.

त्यासाठी फार खर्च करावयास नको. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी कव्वालच्या अरण्यालगत जन्नारम येथे प्रवाशांकरिता कुट्या बांधलेल्या आहेत. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा जन्नारम मंचेरियाल जिल्ह्यात गेले. कव्वाल १९६५ साली अभयारण्य झाले आणि २०१२ साली व्याघ्रप्रकल्प. पण आपल्यापैकी अनेकांचे, नाहीतर एखाद्या सोयऱ्याचे, शेत रानाच्या कडेला असतेच. त्या शेतात जागलीसाठी बांधलेली खोपी असते. तीच झाडून सारवून घ्यावी. पाण्याची घागर, कंदील, मच्छरदाण्या, ज्वारीचे पीठ आणि दोन बाजा एवढे सामान पुरे. शुक्रवारी सायंकाळी निघावे आणि रविवारी सकाळी परत येऊन सर्वांनी मिळून मिस्सेला हजर राहावे.

खोपीपाशी पोहोचल्यावर मुलांना "वाघ दाखवितो" असे आश्वासन देऊ नये. वाघ बहुधा दिसत नाही, आणि मग मुलाला सारे रान रिकामे वाटते. त्यापेक्षा झाडे दाखवावी. ती जागच्या जागी असतात. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. पावसाळ्याच्या तोंडी आलेल्या मुलाला हा एक खेळ दाखविला तर पुढचा तासभर ते आजोबांचा हात सोडणार नाही. फाल्गुनात आले तर पळस फुललेला असतो. त्याच्या पानांची पत्रावळ कशी लावतात ते आजीने दाखवावे. चैत्रात मोहाची फुले रात्रभर गळतात आणि माणसे ती पहाटे वेचतात. उन्हाळ्यात टेंभुर्णीची पाने तोडून विडीसाठी वाळवितात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. एकदा हात फिरविल्यावर मुलाला ते झाड कधी विसरत नाही. हिवाळ्यात आमच्या जिल्ह्याची थंडी साऱ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. त्या थंडीत एका घोंगडीखाली आजी व नातू बसले तर गोष्टी आपोआप सुरू होतात.

झाडाचे नाव सांगताना ते आपल्या भाषेत सांगावे, आणि शेजाऱ्याच्या भाषेतही सांगावे. आपण ज्याला मोह म्हणतो त्याला तेलुगू माणूस इप्प म्हणतो. आपली टेंभुर्णी ती त्याची तुनिकी, आणि आपला पळस तो त्याचा मोदुगु. गोंड व कोलाम शेजाऱ्यांची नावे त्यांनाच विचारावी. या रानात ते आपल्यापेक्षा जुने आहेत. आमची मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. मराठी केवळ घरात उरली आहे. घरातही आजी-आजोबाच ती पुरतेपणी बोलतात. ऐन, धावडा, बेहडा ही नावे शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत. ती आजोबांच्या तोंडून नातवाच्या कानी गेली नाहीत तर एका पिढीत आपल्या घरातून नाहीशी होतील.

मातृभाषेचे हे मोल या जिल्ह्यात पूर्वीही एका परदेशी विद्वानाने ओळखले होते. १९४० साली गोंडांचे पुढारी कोमरम भीम जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती समजून घेण्यासाठी व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाठविले. ते सपत्नीक मारलवाई या गोंड खेड्यात झोपडीत राहिले. गोंड मुलांचे पहिले शिक्षण गोंडी भाषेतच व्हावे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी जी पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत होती. लेकराला पहिले ज्ञान घरच्या बोलीत मिळावे, ही गोष्ट त्यांना त्या झोपडीत राहून उमगली.

रात्री कंदिलाभोवती बसल्यावर आजोबांनी आपल्या मुलुखाची हकीकत सांगावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. राजुरा व किनवट हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. नव्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे सोयरे एका दिवसात दोन राज्यांचे झाले. आत्याचे गाव महाराष्ट्रात आणि आपले तेलंगणात असे का, हे कोडे मुलांना असतेच. ज्यांनी ते दिवस पाहिले, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकले, त्यांनी ते आताच सांगितले पाहिजेत.

येथे काही सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. मोहाची फुले अस्वलालाही प्रिय आहेत. म्हणून पहाटेच्या अंधारात मुलांना मोहाखाली एकटे पाठवू नये. मोठ्या माणसाने पुढे चालावे आणि मोठ्याने बोलत चालावे. रात्री जमिनीवर निजू नये, आणि सकाळी जोडा झटकल्याशिवाय पायात घालू नये. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर विडीचे थोटूक पडले तरी रान पेटते. चूल खोपीच्या अंगणातच असावी आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. राखीव अरण्यात परवानगीवाचून शिरू नये.

जवळच कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा असेल तर मुले तेथे नेण्याचा हट्ट धरतील. तो सुमारे १५० फूट उंचीवरून टप्प्याटप्प्याने पडतो आणि पाहण्याजोगा आहेच. परंतु तेथील खडक शेवाळाने निसरडे आहेत व डोह फसवे आहेत; पोहण्यास उतरलेले कित्येक तरुण तेथे बुडाले आहेत. धबधबा दुरून पाहावा, आणि लहानांचा हात एक क्षणही सोडू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला आणि त्यासाठी जुलैचा चौथा रविवार नेमला, कारण प्रभू येशूचे आजी-आजोबा संत ॲना व संत ज्योकिम यांचा सण त्याच सुमारास, २६ जुलैला येतो. त्या दिवशी नातवंडे वृद्धांना फुले देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वृद्धांना फुलांहून अधिक हवे असते ते कोणीतरी आपल्याला काही विचारावे हे.

तेव्हा मुलगे व सुना यांना आमची विनंती आहे की, येत्या सुटीचे दोन दिवस राखून ठेवावेत, आणि आजोबांचे गुडघे रानाची वाट चालू शकतात तोवरच ते राखावेत. पुढे वेळ मिळेल, पैसाही मिळेल. पण ऐनाच्या खोडावर नातवाचा हात नेऊन ठेवणारा हात तेव्हा मिळेलच असे नाही.