पहाटेची वेळ मिळाली, आता गाडी कोणती?



मागच्या महिन्यात आपल्या उंद्रीच्या एका बचत गटातल्या ताई भेटल्या. चेहरा नुसता खुललेला. गटातल्या चौदा जणींना शिर्डीच्या काकड आरतीचे पास मिळाले होते. एकीच्या मुलाने मोबाईलवरून काढून दिले. आरतीनंतर दिवसभर तिथलं साईतीर्थ पाहायचं, असंही ठरलं होतं. साईतीर्थ म्हणजे साईबाबांचं जीवन, तीर्थयात्रा, लंकादहन असं सगळं पडद्यावर आणि हलत्या पुतळ्यांतून दाखवणारं मोठं उद्यान. त्याच्याच जोडीला पाण्याचे खेळही आहेत, म्हणून पोरंसोरंही मागे लागली होती.

मी विचारलं, "जाणार कशा?"

ताई म्हणाल्या, "सोपं आहे. रातच्या दहाले जीप काढतो, पहाटे तीनले पोचतो. तसंच आरतीले उभं राहतो. खोलीचे पैसे वाचतात."

हिशोब ऐकायला बरा वाटतो. आपल्यापैकी कितीतरी जणी असाच करतात. पण आज मला त्याच हिशोबाबद्दल बोलायचं आहे. पहाटेची वेळ आरक्षित असली की आपण लगेच गाडीचा विचार करतो. खरं तर आधी विचार करायचा तो मुक्कामाचा. रात्री कुठे झोपायचं हे ठरलं, की गाडी आपोआप ठरते.

आता हे नीट उलगडून बघू.

घड्याळ उलटं मोजा

समजा, पासवर हजर राहण्याची वेळ पहाटे चारची आहे. तुमच्या पासवर जी असेल ती धरा. आता तिथून मागे या.

शिर्डीच्या मंदिरात मोबाईल नेता येत नाही. तो ठेवायचा, चपला ठेवायच्या, ओळखपत्र दाखवायचं, रांगेत लागायचं. याला अर्धा तास धरा. खोलीपासून मंदिरापर्यंत जायला अर्धा तास. बरोबर सासूबाई असतील, कडेवर लेकरू असेल, तर तो अर्धा तासही कमीच पडतो. म्हणजे तीनला खोलीबाहेर पडायचं. चौदा जणी, चार खोल्या, चार न्हाणीघरं. आंघोळी, वेण्या, साड्या यांना तास-सव्वा तास तरी हवा. म्हणजे उठायचं पावणेदोनला.

पावणेदोनला उठायचं तर पाच तास झोप मिळायला पावणेनऊला आडवं व्हायला हवं. त्याआधी जेवण, खोली ताब्यात घेणं, पोरांना शांत करणं. म्हणजे शिर्डीत संध्याकाळी पाच-सहापर्यंत पोचायलाच हवं.

आपलं उंद्री ते शिर्डी अंतर साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. चिखली, देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, कोपरगाव असा रस्ता. एसटी बदलत गेलं तर थांबण्यासकट आठ-नऊ तास धरा. म्हणजे घरातून सकाळी सात-आठला निघायचं, तेही आदल्या दिवशी.

एवढं कागदावर मांडलं, की "रात्री दहाला निघू" हा बेत आपोआप गळून पडतो. त्या बेतात झोप कुठेच नाही. तुमचीही नाही आणि गाडी चालवणाऱ्याचीही नाही.

रात्रीची गाडी स्वस्त का नाही

मैत्रिणींनो, हे मी भीती घालायला सांगत नाही. पण आपल्या जिल्ह्याने हे पाहिलेलं आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्यानंतर १ जुलै २०२३ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आपल्या सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली. २५ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, वैजापूरजवळ भाविकांची छोटी बस कंटेनरवर आदळली. ती माणसं आपल्याच जिल्ह्यातल्या सैलानीबाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतत होती. १२ जण गेले. १७ जणांच्या त्या गाडीत ३५ जण बसले होते, असं तेव्हा समोर आलं.

यातून दोन गोष्टी पदरात बांधून घ्यायच्या. मध्यरात्र ते पहाट ही वेळ चालकाला डुलकी लागण्याची असते. रस्ता जितका सरळ आणि मोकळा, तितकी डुलकी लवकर लागते. आणि गाडी जितक्या माणसांची असते, तितक्याच माणसांची असते. "सरकून बसू गं, लेकरू मांडीवर घेऊ" हे घरच्या ओसरीवर ठीक आहे, महामार्गावर नाही.

एसटी: सगळ्यात स्वस्त, पण दिवसाउजेडी

१७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यातल्या सगळ्या प्रकारच्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे. साधी गाडी असो की शिवशाही, दोन्हीला सवलत लागू आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं आणि पाचच्या आतल्यांचं काहीच नाही. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ ठेवा.

समजा, पूर्ण तिकीट ४०० रुपये आहे. तुम्हाला २०० पडतील. जाऊन-येऊन एकीचे ४००, चौदा जणींचे ५,६०० रुपये. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, खरं भाडं डेपोत विचारा.

उंद्री चिखली-खामगाव रस्त्यावर असल्याने आपल्याला दोन्ही बाजूंनी गाडी मिळते. म्हणून शिर्डीची थेट गाडी आहे का, हे चिखलीला आणि खामगावला, दोन्ही ठिकाणी विचारा. थेट गाडी नसेल तर जालना किंवा संभाजीनगरला बदलावी लागेल. अशा वेळी लांबच्या टप्प्याचं आरक्षण करा आणि दोन गाड्यांच्या मध्ये निदान दीड तास ठेवा. पहिली गाडी उशिरा आली, तर दुसऱ्या गाडीतली आरक्षित जागा तुमच्यासाठी थांबत नाही.

बाई मोठी गटाने निघाली असेल, चाळीस-पंचेचाळीस जणी असतील, तर अख्खी एसटी भाड्याने घेता येते. त्याला प्रासंगिक करार म्हणतात. दर आणि अटी डेपोच्या आगारप्रमुखांकडून लिहून घ्या.

रेल्वे: आरामाची, पण वेळ जुळायला हवी

खामगाव ओलांडून शेगाव गाठलं की मुख्य रेल्वेमार्ग मिळतो. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस शेगाव, भुसावळ, मनमाड करत कोपरगावला जाते. कोपरगावाहून शिर्डी जवळच आहे. गुडघे दुखणाऱ्या बायांना, लहान लेकरांच्या आयांना रेल्वे सोयीची. पाय पसरता येतात, संडासाची सोय असते.

अडचण वेळेची आहे. ही गाडी कोपरगावला रात्री पोचते. तिथून वाहन शोधा, खोली गाठा, की झोपायला मध्यरात्र. पावणेदोनला उठायचं तर ही गाडी उपयोगाची नाही. मात्र तुमचं आरक्षण दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीचं किंवा दर्शनाचं असेल, तर हीच गाडी उत्तम. म्हणजे गाडी वाईट नाही, ती आपल्या वेळेला जुळत नाही, एवढंच.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशोब करू नका. वेटिंगचं तिकीट असेल तर स्लीपर डब्यात बसता येत नाही, हेही लक्षात ठेवा. गाडीच्या वेळेची चौकशी १३९ नंबरवर करता येते.

भाड्याची गाडी: घ्या, पण विचारून

म्हाताऱ्या माणसांसाठी, आजारी बाईसाठी भाड्याची गाडी घ्यावीच लागते. त्यात वाईट काही नाही. दारातून दारापर्यंत सोय होते. फक्त चार गोष्टी ठरवताना विचारा.

नंबर प्लेट पिवळी आहे का? भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची. तिच्यातून भाडं देऊन गेलात आणि काही झालं, तर विम्याचे पैसे अडकतात.

गाडीच्या कागदावर किती माणसं लिहिली आहेत? चालक धरून मोजा.

चालक आदल्या रात्री झोपणार आहे का? दिवसभर भाडं मारून आलेला माणूस रात्री आपल्याला नेणार असेल, तर नको म्हणा.

भाड्यात काय काय आलं? किलोमीटर, टोल, चालकाचं जेवण, त्याच्या मुक्कामाची जागा हे सगळं निघण्याआधी बोलून घ्या. चालकाला झोपायला जागा देणं ही दया नाही, ती आपलीच सुरक्षा आहे.

शेवटचा एक किलोमीटर

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगते. अडीचशे किलोमीटर माणूस नीट येतो आणि शेवटच्या एका किलोमीटरला अडकतो.

शिर्डी संस्थानची भक्तनिवासं आहेत. साई आश्रम, द्वारावती ही नावं तुम्ही ऐकली असतील. खोलीचं आरक्षण संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं. भक्तनिवासापासून मंदिरापर्यंत संस्थानच्या मोफत बसगाड्याही असतात. पण पहाटे तीनला त्यातली गाडी मिळेल का, हे खोली घेतानाच खिडकीवर विचारा. "दिवसभर गाड्या असतात" आणि "तीनला गाडी असते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती नसेल तर त्याच संध्याकाळी रिक्षावाल्याशी भाडं आणि वेळ ठरवा, त्याचा नंबर घ्या. किंवा थोडे जास्त पैसे देऊन मंदिराच्या चालत्या अंतरावर खोली घ्या. संध्याकाळीच एकदा चालत जाऊन प्रवेशाचं दार पाहून या. पहाटेच्या अंधारात दार शोधायची वेळ येऊ नये.

रस्त्यात कुणी "लवकर आत सोडतो, मागून नेतो" म्हणालं तर थांबू नका. पास आपल्या हातात आहे, तो पुरेसा आहे.

आणि आरतीनंतर? साईतीर्थ उजाडल्याबरोबर उघडत नाही. मधल्या वेळेत खोलीवर जाऊन दोन तास झोपा, मग पोरांना घेऊन जा. त्याच दिवशी संध्याकाळी परत निघायचा हट्ट करू नका. जागरण झालेलं असतं, पाण्यात खेळून पोरं दमलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरा. दुसऱ्या रात्रीची खोली धरूनच खर्च मांडा.

तारीखही जपून निवडा. गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या दिवसांत शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. मधला एखादा वार घेतला तर खोली, गाडी, रांग सगळंच हलकं होतं.

गटाच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा

१. पासवर हजर राहण्याची वेळ कोणती?
२. आदल्या रात्री आपण कुठे झोपणार?
३. तिथून मंदिरापर्यंत त्या वेळेला वाहन आहे का?
४. तिथे उजेडात पोचवणारी गाडी कोणती?
५. परतताना कुणी जागरण करून गाडी चालवणार आहे का?

याच क्रमाने विचारा. गाडीचा प्रश्न चौथा आहे, पहिला नाही. आणि प्रत्येकीच्या घरी एका कागदावर गाडी, मुक्काम आणि एक फोन नंबर लिहून ठेवा. अडचणीला ११२ नंबर आहेच.

त्या ताईंनी मग काय केलं, ते सांगून थांबते. गटाची पुन्हा बैठक झाली. रात्रीची जीप रद्द केली. बारा जणी आदल्या सकाळी एसटीने गेल्या. एकीच्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, म्हणून त्या सासू-सुना घरच्या माणसांबरोबर दिवसाच्या गाडीने आल्या. खोलीचे माणशी दोन-अडीचशे रुपये जास्त गेले. परत आल्यावर ताई म्हणाल्या, "पैसे गेले, पण आरतीत डोळे उघडे होते हो. मागच्या खेपेला मी उभ्या उभ्या झोपले होते."

एवढ्या लांब जायचं, एवढ्या दिवसांचे पैसे साठवायचे, ते डोळे भरून पाहण्यासाठीच ना?