खाडीचे मीठ

आमचे घर खाडीकाठी आहे. ओहोटीला आई तिसऱ्या काढते. त्या विकूनच माझी फी भरली जाते. गेल्या वर्षी पाऊस लांबला आणि दसऱ्यानंतर तिच्या टोपलीत रिकामे शिंपलेच आले. कारण मला भूगोलाच्या तासाला उमगले : क्षारता!

एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्याहून जड असते आणि शून्याऐवजी सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते. पावसाळ्यात नदीचे हलके पाणी खाडीत वर पसरते, खारे तळाशी राहते. मोठ्या पुरात मात्र तळही गोडा होतो.

समुद्रातला मासा खारे पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. नकोसे पाणी सोडून तो दूर जाऊ शकतो. तिसरीला ती सोय नाही. गोडे पाणी अंगात शिरून तिच्या पेशी फुगतात. म्हणून ती शिंपले मिटून खाऱ्या भरतीची वाट पाहते. वाट फार लांबली, की मरते.

हे आईला सांगितले. ती म्हणाली, “पाणी खारं झालं का, ते आम्ही जिभेवर थेंब ठेवून बघतो रे!”