बॅटरी बदलण्याआधी

बाइकच्या सेल्फचं बटण दाबलं आणि नुसतीच टिकटिक झाली, की आपला पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते, काही दिवस गाडी नीट चालते आणि मग बालाघाट-बैहर रस्त्यावर, जंगलाच्या मध्यावर पुन्हा तेच. बॅटरी रिकामी का झाली, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आधी रचना समजून घेऊ. इंजिनाच्या एका कव्हराआड तांब्याच्या वेटोळ्यांची कडी असते, ती स्टेटर. मिस्त्री तिला मॅग्नेट कॉइल म्हणतात. तिच्याभोवती चुंबकाचं चाक फिरलं की वीज तयार होते. ही वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेने वाहणारी. हा बदल करून व्होल्टेज आवरणारा धातूचा डबा म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, दुकानात ‘आरआर युनिट’. आपल्याच बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला जे तांबं निघतं, त्या धातूवर हा सगळा खेळ चालतो. वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन करपलं की तो संपतो.

हत्यार एकच लागतं, मल्टिमीटर. साधासुधाही चालेल. काटा डीसी 20 व्होल्टवर ठेवा.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड साफ करा, नट घट्ट करा आणि मग मोजा. 12.6 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.4 चालेल, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी असेल तर बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या, नाहीतर पुढची मापं फसवतात. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर दोष खरोखर बॅटरीचाच.

दुसरं माप इंजिन चालू असताना. 1 एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट आपोआप पेटतो. जुनीचा आपण लावा. आता रेस वाढवून साधारण 4000 आरपीएमवर धरा. साडेतेरा ते साडेचौदा आलं तर चार्जिंग ठीक. बारावरच अडकलं तर वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटरचा ताबा सुटलाय. वारंवार उडणारे बल्ब आणि फुगलेली बॅटरी ही त्याचीच लक्षणं. इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त आयडलवर मोजून निकाल देणं. 100 सीसीच्या कित्येक गाड्या आयडलवर जेमतेमच चार्ज करतात.

आकडा कमी आला म्हणून लगेच आरआर युनिट विकत घेऊ नका. आधी तारा बघा, निम्मी दुखणी तिथेच निघतात. स्टेटर आणि रेग्युलेटर जोडणारा कपलर उघडा. एखादी पिन तपकिरी पडलेली किंवा प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर चोर सापडला. धानाच्या कोठीशेजारी गाडी उभी राहत असेल तर सीटखालच्या तारा जरूर पाहा. चिन्नोर तांदळावर पोसलेले उंदीर वायरिंगही सोडत नाहीत. मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची चेसिसशी जोडणी. रेस धरून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट खोलून गंज घासून काढा.

तारा ठीक असतील तर स्टेटर. इंजिन बंद, कपलर सुटा. स्टेटरकडून बहुधा तीन पिवळ्या तारा येतात. दोन-दोन धरून रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते, तो मोजा. तिन्ही जोड्यांत तो सारखा हवा आणि कुठलीही तार इंजिनाच्या धातूशी जुळलेली दिसता कामा नये. मात्र जुन्या, लहान गाड्यांत एक टोक मुद्दामच अर्थ केलेलं असतं. तिथे हा नियम लावून चांगली कॉइल भंगारात काढू नका. नंतर कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करा, मीटर एसीवर घ्या. रेसबरोबर तिन्ही जोड्यांचा आकडा सारखाच चढून बहुधा 50 च्या पुढे जातो. हात लांब ठेवा, झटका बसतो. एक जोडी मागे राहिली तर स्टेटर जळालाय. तिन्ही बरोबर असतील, तर उरला तो रेग्युलेटर.

चार्जिंग उत्तम, तरी सकाळी बॅटरी झोपलेली? मग किल्ली बंद असतानाही कुणीतरी वीज खातंय, बहुधा थेट जोडलेला ट्रॅकर किंवा फॉगलाइट. मायनसची तार काढून तिथे मीटर अँपिअरवर जोडा. काही मिलीअँपिअर चालतील. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘बघू, गाडी चालते का’ ही जुनी परीक्षा तर विसरूनच जा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तिने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, जळू शकतो. अशा गाडीचा पेट्रोल पंपही विजेवर चालतो. वाटेत बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारण्यात दम घालवू नका. दुसऱ्या बाइकचं इंजिन बंद ठेवून तिच्या प्लसवरून आपल्या प्लसवर केबल घ्या, मग तिच्या मायनसवरून आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूवर.