'करणाऱ्या माणसा'चे नाव : घरगुती शुश्रूषा, कायद्याची परिभाषा आणि उपलब्ध साहाय्य

१

पदव्युत्तर वर्गांना शिकविणाऱ्या अध्यापकाच्या हाती दरवर्षी रजेचे असे काही अर्ज येतात की, ज्यांत कारण म्हणून 'घरगुती अडचण' एवढेच दोन शब्द असतात. चौकशी केली असता पुष्कळदा असे कळते की, वडिलांना अर्धांगाचा झटका आला आहे, आजी अंथरुणाला खिळली आहे किंवा भावाचे मानसिक आजारपण बळावले आहे, आणि घरात त्यांचे करणारे दुसरे कोणी नाही. प्रस्तुत लेखकानेही आपल्या आईच्या अखेरच्या आजारात असेच अर्ज लिहिले. त्याच काळात एका कचेरीत तिच्या नावाचा अर्ज भरताना रुग्णाचे वय, उत्पन्न, जात, पत्ता हे सर्व रकाने आढळले. परंतु तिला रोज उठविणारा, भरविणारा, धुणारा कोण, हे लिहिण्यास जागा नव्हती. हा अनुभव एकट्याचा नाही. त्यामागे भाषेची एक सवय आणि कायद्याची एक रचना आहे. त्या दोहोंचा संबंध दाखविणे व अशा कुटुंबीयास आज कोणते साहाय्य मिळू शकते ते सांगणे, हा या टिपणाचा हेतू आहे.

२

प्रथम भाषेचा विचार करू. घरातील आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसासाठी राबण्याला मराठीत क्रियापदांचा तोटा नाही. आपण आईला 'सांभाळतो', सासऱ्यांचे आजारपण 'काढतो', मुलांसाठी खस्ता 'खातो', रुग्णाची उस्तवार व उठबस 'करतो'. या सर्वांत बोलीत अधिक रूढ असलेली रचना म्हणजे षष्ठी आणि 'करणे' : 'सासूबाईंचं सगळं तीच करते.' येथे कर्माच्या जागी 'सगळं' आहे. काय काय ते उच्चारले जात नाही. मलमूत्र काढण्यापासून रात्रीच्या जागरणापर्यंतचे प्रत्येक काम या एका नपुंसकलिंगी सर्वनामात सामावते.

कर्तृवाचक नामाची गोष्ट मात्र निराळी आहे. 'परिचारिका' हा शब्द पगारी व्यवसायाचा. 'काळजीवाहू' हे विशेषण वृत्तपत्रांनी तात्पुरत्या सरकारला देऊन टाकले. 'सेवा' या शब्दाचे तर दोन संसार आहेत : कचेरीत 'सेवाज्येष्ठता', 'सेवानिवृत्ती' म्हणताना ती वेतनासह असते, घरात ती पुण्य असते. 'शुश्रूषा' ही मुळात 'श्रु' धातूची इच्छार्थक घडण. अर्थ, ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञाधारकपणा, मग सेवा आणि शेवटी रुग्णसेवा, असा अर्थाचा प्रवास झाला. परंतु ती करणाऱ्याला आपण 'शुश्रूषक' क्वचितच म्हणतो. बोलीत उरते ते धातुसाधित : 'त्यांचं करणारं कोणी नाही.' हे 'करणारं' नपुंसकलिंगी आहे. म्हणजे जे काम प्रायः सून, मुलगी, पत्नी यांच्याकडे जाते, त्याचा कर्ता भाषेत ना स्त्री ना पुरुष, केवळ 'कोणी' असतो.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी ही उणीव ओळखून रुग्णाला 'शुभार्थी' व त्याचे करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्यास आरंभ केला. क्रीडास्पर्धांच्या बोधचिन्हासही 'शुभंकर' म्हणतात, त्यामुळे शब्द सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. तथापि तो नाम आहे आणि त्या नावाने माणसे एकत्र बसतात, ही लहान गोष्ट नव्हे.

या कामाचे प्रमाण किती? केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत भाग घेतात व त्यांचा त्यात दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे वेळ जातो; पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे आहे. यात निरोगी बालकांचे संगोपनही मोजलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३

आता कायद्याकडे वळू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम आणि मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा अधिनियम, या दोहोंनी शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या केली आहे. पहिल्यात आईवडील व इतर कुटुंबीय यांचा स्पष्ट उल्लेख असून मोबदला असो वा नसो, दोन्ही प्रकार त्यात येतात. दुसऱ्यातही विनामूल्य शुश्रूषा करणारा नातेवाईक येतो. म्हणजे कायद्यात कर्त्याला नाव मिळाले.

परंतु लाभाच्या वाक्यात विभक्ती बदलते. २०१६ च्या अधिनियमातील कलम २४ 'शुश्रूषाकर्ता भत्त्या'ची तरतूद करते. पण हा भत्ता द्यावयाचा तो उच्च आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीला, आणि तोही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. कारकांच्या भाषेत बोलावयाचे तर कर्ता एक आणि संप्रदान दुसरे. महाराष्ट्रातील 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' याचे बोलके उदाहरण होय. योजनेला नाव मिळाले ते कावड खांद्यावर घेणाऱ्या पुत्राचे. निवृत्तिवेतन मिळते ते कावडीत बसलेल्यांना. रुग्णाचा हक्क प्रथम, हे योग्यच आहे. मुद्दा इतकाच की, घरी राबणाऱ्याने 'माझ्यासाठी काय आहे?' असे विचारले तर उत्तर बहुधा 'काही नाही' असे येते. तेच 'ज्यांचे मी करतो त्यांच्या नावे काय आहे?' असे विचारले तर उत्तर बरेच लांबते.

४

ते उत्तर थोडक्यात असे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व त्यावर मिळणारे वैश्विक ओळखपत्र ही पहिली किल्ली आहे. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले असून पार्किन्सनचा आजार, मानसिक आजार, थॅलेसेमिया यांचाही त्यांत समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलतींचे दार उघडते. आधाराविना प्रवास करू न शकणाऱ्या ठरावीक वर्गांतील दिव्यांगांच्या सोबत्यालाही रेल्वेभाड्यात सवलत मिळते. शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःच्या तिकिटावर काही मिळण्याचे हे दुर्मिळ स्थळ. आयकराच्या जुन्या प्रणालीत अवलंबित दिव्यांगाचा सांभाळ करणाऱ्या करदात्यास ७५,००० रुपयांची, व तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना यांचे अर्ज घेतले जातात. २०२३ मध्ये यांतील मासिक साहाय्य १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नमर्यादा मात्र फार कडक असल्याने मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा बाहेर राहते.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या अधिनियमाने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती सज्ञान झालेल्या अशा व्यक्तीस कायदेशीर पालक नेमून देते. 'आमच्या मागे याचे कोण करील?' या प्रश्नाने जागणाऱ्या आईवडिलांनी या समितीकडे वेळीच जावे.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा अधिनियम बहुतेकांना केवळ मुलांविरुद्धचे शस्त्र वाटतो. वस्तुतः एकट्यावर भार पडलेल्या भावंडासही त्याचा उपयोग आहे : आईच्या वतीने, तिने अधिकृत केलेल्या व्यक्तीस प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि इतर अपत्यांनाही दरमहा वाटा देण्याचा आदेश होऊ शकतो. येथेही शब्दांकडे लक्ष द्यावे. 'अपत्ये' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. प्रत्यक्षात जी करते, ती सून त्यात नाही.

नोकरदारांपैकी केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना दिव्यांग आप्ताचे करीत असल्यास नेहमीच्या फेरबदल्यांतून सूट मागता येते. २०१४ व २०१८ च्या परिपत्रकांनी त्यात पती-पत्नी, अपत्ये, आईवडील व भावंडे यांचा समावेश केला. महिला कर्मचाऱ्यांना व एकल पित्यांना मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाच्या अटीविना आहे. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी तशी स्वतंत्र रजा नाही.

शेवटी, पैशाहून निराळी मदत. मानसिक स्वास्थ्यासाठी 'टेलि-मानस' (१४४१६) आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन' (१४५६७) या विनाशुल्क दूरध्वनी-सेवा आहेत. पहिली रुग्णांइतकीच थकलेल्या कुटुंबीयांसाठीही आहे. ही गोष्ट फारशी माहीत नाही.

५

शुश्रूषा करणाऱ्यालाच लाभधारक मानणे शक्य आहे काय? देशातच त्याचे उदाहरण आहे. केरळ शासनाच्या 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे घरी करणाऱ्याला दरमहा ६०० रुपयांचे साहाय्य ठरविलेले आहे. रक्कम अल्प आहे. पण अर्जदार तो स्वतः आहे.

केवळ नाव मिळाल्याने सर्व साधते असेही नाही, हे ब्रिटनच्या इतिहासावरून दिसते. तेथे १९७६ मध्ये रुग्णाचे घरी करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. परंतु विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले गेले. त्या एरवीही घरीच असणार, हा त्यामागील तर्क. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर, १९८६ मध्ये, ही अट गेली. 'ती घरीच तर असते' हे वाक्य मराठी घरांनाही अपरिचित नाही.

६

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. साहाय्य अपुरे आहे, विखुरलेले आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावाने मागावे लागते; पण ते मुळीच नाही असे नाही. पुष्कळ जण ते मागत नाहीत, कारण आपण जे करतो ते सांगण्याजोगे काम आहे असे त्यांना वाटतच नाही. आपल्या विभागापुरते एवढे तरी करता येईल. विद्यार्थ्यांनी अर्जात 'घरगुती अडचण' न लिहिता 'वडिलांची शुश्रूषा, रोज अमुक तास' असे लिहावे. आणि अध्यापकांनी तो अर्ज वाचून हजेरीचा हिशेब करण्यापूर्वी विद्यार्थ्याला बसवून घ्यावे व विचारावे : प्रमाणपत्र काढले आहे का? घरात दुसरे कोण करते? तहसील कार्यालयात जाण्यासाठी एक दिवस मोकळा हवा आहे का?