गृहसंगणकीय खेळांची लुप्त रूपांतरे

एका यंत्रासाठी रचलेला व्हिडिओ खेळ दुसऱ्या यंत्रावर चालावा म्हणून त्याची आज्ञावली नव्याने लिहिणे, यास त्या खेळाचे रूपांतर म्हणतात. आद्य गृहसंगणकांच्या काळात, म्हणजे १९७७ पासून सु. १९९२ पर्यंत, अशी असंख्य रूपांतरे हाती घेण्यात आली. त्यांपैकी काही जाहीर होऊनही विक्रीस आली नाहीत. काही पूर्ण होऊन पडून राहिली, तर काहींची एकही प्रत उरलेली नाही.

ॲपल–२ (१९७७), अटारी ८०० (१९७९), कमोडोर ६४ (१९८२) व ब्रिटिश बनावटीचा झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हे संगणक परस्परांशी सुसंगत नव्हते. स्पेक्ट्रममध्ये झेड–८०, तर कमोडोरमध्ये ६५०२ च्या कुळातील सूक्ष्मप्रक्रियक असे. ४८ किलोबाइट स्मृतीच्या स्पेक्ट्रमवर ८ × ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग दाखविता येत. कमोडोरमध्ये मात्र आठ हलत्या आकृत्यांची सोय यंत्रातच केलेली होती. रूपांतरकारास मूळ संहिता क्वचितच मिळे. पुष्कळदा नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर खेळ खेळून त्यावरूनच तो नव्याने रचावा लागे. त्यामुळे रूपांतर ही निव्वळ नक्कल नसून बव्हंशी स्वतंत्र रचना ठरे.

कारणे : रूपांतरे अप्रकाशित राहण्याची कारणे मुख्यत्वे व्यापारी व कायदेविषयक होती. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा धंदा कोसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने गृहसंगणकांची निर्मिती थांबविली. तिच्या संगणकासाठी तयार होत असलेल्या आज्ञावल्यांना बाजारपेठच उरली नाही. लिव्हरपूलची इमॅजिन सॉफ्टवेअर ही कंपनी १९८४ मध्ये बुडाली आणि गाजावाजा केलेला ‘बँडरस्नॅच’ हा तिचा खेळ त्या स्वरूपात कधीच आला नाही. त्यातील काही कल्पना पुढे ‘ब्रॅटॅकस’ या खेळात उतरल्या. ‘द ग्रेट जियाना सिस्टर्स’ (१९८७) हा खेळ निन्टेन्डोच्या मारिओ खेळाशी असलेल्या साम्यामुळे बाजारातून काढून घेण्यात आला व त्याचे स्पेक्ट्रमवरील रूपांतर विक्रीस आलेच नाही.

१९९० मध्ये जॉन कारमॅक, जॉन रोमेरो व त्यांचे सहकारी यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ चे आयबीएम जातीच्या संगणकासाठी नमुना-रूपांतर केले. निन्टेन्डोने ते स्वीकारले नाही. परंतु पडदा सलगपणे सरकविण्याचे त्यातील तंत्र त्याच वर्षी ‘कमांडर कीन’ या खेळात वापरले गेले. या रूपांतराची चकती रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथील स्ट्राँग राष्ट्रीय क्रीडा संग्रहालयात असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

नाश व शोध : हे खेळ साध्या ध्वनिफितीवर किंवा लवचिक चकतीवर साठविलेले असत. स्पेक्ट्रम दर सेकंदास सु. १,५०० द्विमान अंक वाचत असे. त्याची स्मृती भरण्यास सु. पाच मिनिटे लागत. चुंबकीय लेप झिजून थोडी माहिती जरी बिघडली, तरी सबंध आज्ञावली निरुपयोगी होऊ शकते. ओरखडे पडलेला चित्रपट पाहता येतो. बिघडलेली आज्ञावली बहुधा सुरूच होत नाही. अप्रकाशित खेळाच्या प्रती मुळातच मोजक्या असल्याने ही हानी भरून निघत नाही. काही खेळांची केवळ जाहिरात वा नियतकालिकात छापलेले पडद्याचे चित्रच मागे राहिले आहे. उलट ‘सोलर जेटमन’ (१९९०) या खेळाचे विक्रीस न आलेले कमोडोर ६४ वरील रूपांतर पुढे उपलब्ध झाले. सापडलेल्या चकत्यांची अंकीय प्रत काढून ती जुन्या संगणकाचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीद्वारे आजच्या यंत्रांवर चालविता येते. ब्रिटिश संग्राहक फ्रँक गॅस्किंग यांनी अशा खेळांची नोंद ठेवण्याचे काम दीर्घकाळ केले असून त्यांचा या विषयावरील ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतातील स्थिती : पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक विक्रीस आणला. त्यामुळे स्पेक्ट्रमचे खेळ भारतीय घरांतही पोहोचले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणकीय आज्ञावलीस साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. तथापि ग्रंथाच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक करणारा १९५४ चा कायदा आज्ञावलीस लागू होत नाही. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर भारतीय मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. आद्य संगणकीय खेळांच्या फिती व चकत्या आज तशाच अवस्थेत असून, घरोघरी उरलेल्या प्रती वाचनीय असेपर्यंतच त्यांची अंकीय नोंद शक्य आहे.