गुप्तवार्ता संस्थेचे आत्मपरीक्षण : अमेरिकन मध्यवर्ती संस्थेचा अनुभव

कोणत्याही शासकीय खात्याचे काम कसे चालले आहे हे पाहण्याची साधने लोकशाही राज्यात सामान्यतः ठरलेली असतात. हिशेबतपासनीस खर्चाची छाननी करतो, विधिमंडळाचे सभासद प्रश्न विचारतात, वृत्तपत्रे टीका करतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला असेल तो न्यायालयाकडे धाव घेतो. गुप्तवार्ता खात्याच्या बाबतीत ही सारी साधने लुळी पडतात. त्याचा खर्च गुप्त, त्याची माणसे गुप्त. यश मिळाले तर ते सांगता येत नाही, आणि अपयश आले तर ते सांगावयाचे नसते. परस्परांस न ओळखणाऱ्या तीन हेरांच्या वार्ता जुळल्या म्हणजे त्या विश्वसनीय मानाव्यात, असा दंडक कौटिल्याने घालून दिला आहे. तथापि आणलेल्या वार्तेची पारख करणे वेगळे आणि वार्ता आणणाऱ्या संस्थेची पारख करणे वेगळे. ह्या दुसऱ्या कामाचा भार बव्हंशी त्या संस्थेच्या वरिष्ठांवरच पडतो. तो ते कसा वाहतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेच्या, म्हणजे सी. आय. ए. च्या, आधारे केला आहे. ह्या संस्थेचे अनेक अंतर्गत अहवाल पुढे प्रसिद्ध झाले असल्यामुळे असा विचार करणे शक्य झाले आहे.

(१) संचालकाचे दुहेरी स्थान

ही संस्था १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने स्थापन झाली. १९४९ च्या दुसऱ्या एका कायद्याने तिला दोन असाधारण सवलती दिल्या. कर्मचाऱ्यांची संख्या, नावे, हुद्दे व पगार प्रकट करण्याच्या बंधनातून तिला मुक्त करण्यात आले. आणि गोपनीय खर्चाच्या बाबतीत संचालकाचा दाखला हाच पुरेसा पुरावा मानावा, असे ठरले. अन्य खात्यांत खर्च करणारा आणि खर्च तपासणारा हे भिन्न असतात. येथे मात्र संचालक हाच संस्थेचा चालक आणि तोच तिचा अंतिम परीक्षक झाला. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ ह्या रचनेत आहे.

(२) पहिले परीक्षण

संस्थेचे पहिले मोठे परीक्षण बाहेरच्या माणसांनी केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय सुरक्षा मंडळाने नेमलेल्या ॲलन डलेस, विल्यम जॅक्सन व मॅथायस कोरेया ह्या तिघांनी जानेवारी १९४९ मध्ये आपला अहवाल सादर केला. संस्था नावाने मध्यवर्ती असली तरी निरनिराळ्या खात्यांच्या वार्तांचा मेळ घालून एक साधार अंदाज सिद्ध करण्याचे तिचे मुख्य कार्य नीट होत नाही, असा त्याचा आशय होता. वार्ता गोळा करणारी गुप्त शाखा आणि गुप्त कारवाया करणारी शाखा ह्या दोन्ही एकाच व्यवस्थेखाली आणाव्यात, अशीही त्यांची शिफारस होती.

सुरक्षा मंडळाने त्याच वर्षी बहुतेक शिफारशी स्वीकारल्या; परंतु त्यांची खरी अंमलबजावणी सुरू व्हावयास पावणेदोन वर्षे लागली. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि ऑक्टोबरात जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ संचालक झाले. त्यांनी अहवालकर्त्यांपैकी जॅक्सन यांनाच आपले उपसंचालक नेमले, त्याच वर्षी इतिहासज्ञ विल्यम लँगर यांच्या हाताखाली राष्ट्रीय अंदाजांचे स्वतंत्र कार्यालय उघडले, आणि १९५२ मध्ये दोन्ही गुप्त शाखा एकत्र केल्या. अहवालातील निदान पूर्वीही तेच होते. ते मनावर घेणारा वरिष्ठ मात्र नव्याने आला होता.

(३) महानिरीक्षकाची पद्धती

अंतर्गत तपासणीसाठी महानिरीक्षकाचे पद बेडेल स्मिथ यांच्याच कारकीर्दीत निर्माण झाले. १९५३ पासून ते लायमन कर्कपॅट्रिक यांच्याकडे होते. महानिरीक्षकाचे तपासनीस एकेका शाखेत जात, दप्तर पाहत आणि लहानमोठ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेत. शाखेला नेमून दिलेले काम कोणते, त्यासाठी मिळालेली माणसे व पैसा पुरेसा आहे काय, नोंदी ठेवल्या जातात काय, असे प्रश्न ते विचारीत. अहवाल संचालकाकडे जाई. संबंधित शाखाप्रमुख त्यास उत्तर देई. आणि निर्णय संचालक करी. ह्या पद्धतीत शोधकाला अधिकार होता, पण तो संचालकाने दिलेला होता. संचालकाच्या इच्छेपलीकडे जाणारी वाट तिच्यात कोठेही नव्हती.

(४) दहा वर्षे चाललेला प्रयोग

ह्या उणिवेची सर्वांत दुःखद साक्ष ‘एम्‌के-अल्ट्रा’ ह्या योजनेत मिळते. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचा अभ्यास करण्याची ही योजना डलेस यांनी संचालक ह्या नात्याने एप्रिल १९५३ मध्ये मंजूर केली. तांत्रिक शाखेच्या संशोधनखर्चाच्या ६ टक्के रक्कम नेहमीच्या करारपत्रांवाचून खर्च करण्याची मुभाही तिला मिळाली. म्हणजे नोंदींचा अभाव हा येथे निष्काळजीपणाचा परिणाम नव्हता. तो योजनेचाच एक भाग होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रँक ओल्सन ह्या लष्करी शास्त्रज्ञास नकळत एल्‌. एस्‌. डी. हे औषध पाजण्यात आले. काही दिवसांनी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. संस्थेत चौकशी झाली. संचालकांनी संबंधितांना नापसंतीची पत्रे दिली. परंतु ती ठपका समजण्यात येऊ नयेत आणि सेवापुस्तकात लावू नयेत, असेही ठरले. प्रयोग चालूच राहिले. १९६३ मध्ये महानिरीक्षक जॉन अर्मन यांच्या तपासणीत असे आढळले की, सामान्य नागरिकांवर त्यांच्या नकळत औषधांची चाचणी होत आहे आणि तिच्या नोंदी अत्यंत तुटपुंज्या आहेत. असे प्रयोग बंद करावेत, अशी स्पष्ट शिफारस त्यांनी केली. तेव्हा कुठे ते थांबले. तेही गुप्त कारवायांचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स ते चालू ठेवावेत असे मांडीत असताना. ओल्सन यांच्या कुटुंबाला औषधाची हकीकत १९७५ पर्यंत कळली नव्हती. परीक्षण झाले नाही असे येथे म्हणता येत नाही. ते झाले, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याला नव्हता.

(५) क्यूबाविषयीचा अहवाल

एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर ‘बे ऑफ पिग्ज’ येथे सुमारे १,४०० निर्वासितांची तुकडी उतरविण्यात आली आणि तीन दिवसांत तिचा पाडाव झाला. शंभराहून अधिक लोक मारले गेले. हजारावर कैद झाले. ह्या कारवाईची तपासणी करून कर्कपॅट्रिक यांनी ऑक्टोबरात अहवाल पुरा केला. त्यातील दोष केवळ रणनीतीचे नाहीत. ते मुख्यतः प्रशासनाचे आहेत. योजना वाढत गेली, तरी तिचा लेखी आराखडा वेळोवेळी तयार झाला नाही. काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्पॅनिश येत होते. संस्थेतच वार्तांचे पृथक्करण करणारी जी शाखा होती, तिला ह्या बेतापासून दूर ठेवण्यात आले. योजना राबविणाऱ्यांनीच तिच्या यशाची शक्यता वर्तविली. आणि यशाविषयी शंका उत्पन्न झाल्यावर ती अध्यक्षांसमोर स्पष्टपणे मांडली गेली नाही.

अहवालाच्या अवघ्या २० प्रती निघाल्या. नोव्हेंबरात, डलेस पदावरून जाण्याच्या बेतात असताना, तो भावी संचालक जॉन मकोन यांच्या हाती पडला. गुप्त कारवायांचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड बिसेल यांच्या वतीने त्याचे सविस्तर खंडन लिहिले गेले. कर्कपॅट्रिक यांना बिसेल यांचे पद हवे होते, म्हणून हा अहवाल वैरभावाने लिहिला आहे, असाही आरोप झाला. बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या, आणि अहवाल जनतेसमोर आला तो १९९८ मध्ये. आरोपात तथ्य असो वा नसो, एक गोष्ट त्यातून दिसते. परीक्षक आणि परीक्षित हे एकाच बढतीच्या शिडीवर उभे असले, तर खऱ्या दोषदिग्दर्शनावरही सूडबुद्धीचा संशय घेता येतो.

(६) दुसरा वाचक

मे १९७३ मध्ये संचालक जेम्स श्लेसिंजर यांनी सर्व कर्मचाऱ्यांस आज्ञा केली की, संस्थेच्या सनदेबाहेरचे जे काही घडले असेल ते आपणास कळवावे. उत्तरे संकलित झाली ती ६९३ पानांची. त्यांत नागरिकांची पत्रे फोडणे, पत्रकारांवर पाळत ठेवणे अशा गोष्टी होत्या. विधिमंडळाच्या देखरेख-समित्यांच्या अध्यक्षांना त्यांची कल्पना देण्यात आली, पण तेही स्वस्थ राहिले; न्यायखात्याला तर डिसेंबर १९७४ च्या अखेरीपर्यंत काही कळविण्यात आले नव्हते. त्याच महिन्याच्या २२ तारखेस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मध्ये सेमूर हर्श यांची बातमी आली, आणि पुढील वर्षी सीनेटची चौकशी सुरू झाली.

इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणानंतर, १९८७ मध्ये, विधिमंडळाच्या चौकशी-समित्यांनी संस्थेच्या महानिरीक्षकाकडे माणसे, साधने व चिकाटी ह्यांचा अभाव असल्याचे नमूद केले. १९८९ च्या कायद्याने हे पद बदलले. महानिरीक्षकाची नेमणूक अध्यक्षाने सीनेटच्या संमतीने करावयाची, आणि त्यास दूर करण्याचा अधिकारही अध्यक्षासच. संचालक एखादी चौकशी सुरक्षेच्या कारणास्तव थांबवू शकतो. पण तसे केल्यास त्याची कारणे सात दिवसांत विधिमंडळाच्या गुप्तवार्ता-समित्यांना कळवावी लागतात. अशा रीतीने अहवालाला कायद्याने दुसरा वाचक लाभला.

ह्यामुळे प्रश्न कायमचा सुटला असे नव्हे. कैद्यांच्या चौकशीच्या क्रूर पद्धतींवर २००४ मध्ये महानिरीक्षकाने कठोर अहवाल दिला. पुढे २००७ मध्ये संचालक मायकेल हेडन यांनी खुद्द महानिरीक्षकाच्या कार्यालयाच्याच कामाची तपासणी करविली, तेव्हा विधिमंडळातून तिला आक्षेप घेतला गेला. परीक्षकाचेही परीक्षण व्हावे हे न्याय्यच आहे. परंतु ते परीक्षिताने करावे काय, हा प्रश्न उरतोच.

(७) निष्कर्ष

वरील उदाहरणांत दोष हुडकण्यास संस्थेतील माणसे असमर्थ ठरली, असे फारसे आढळत नाही. १९६१ आणि १९६३ चे तपासनीस आपल्याच घरातील दोष स्वच्छ पाहू शकले. बाहेरच्या कोणासही ते इतके स्पष्ट दिसले नसते. उणीव होती ती शोधलेल्या सत्याच्या वाटचालीत. ज्याच्या कारभाराची तपासणी झाली, त्याच्याच टेबलापाशी ती वाट संपत होती. म्हणून गुप्तवार्ता संस्थेच्या अंतर्गत परीक्षणाची कसोटी तपासनिसांच्या संख्येवर किंवा अहवालांच्या जाडीवर लावणे पुरेसे नाही. अहवाल कोणाकोणाच्या हाती जातो आणि त्यांपैकी कोणास तो दडपता येतो, हे पाहिले पाहिजे. गुप्तता राखणे हे अशा संस्थेचे कर्तव्य आहे. पण ती शत्रूपासून राखावयाची, आणि स्वतःच्या चुकांपासून सुटण्यासाठी वापरावयाची नाही, हा विवेक केवळ वरिष्ठांच्या सद्‌बुद्धीवर सोपवून चालत नाही.