ताळेबंद वाचणारी सून

दुपारची भांडी आटोपली की दारव्ह्याची आमची एक मैत्रीण ओट्यावरच पुस्तक उघडते. वय अडतीस, दोन लेकरं, आणि मुक्त विद्यापीठातून एम.कॉम.चं दुसरं वर्ष. बँकिंग आणि वित्त हे तिच्या आवडीचे विषय. शेजारच्या काकू विचारतात, "काय करतं व आता शिकून? नोकरी थोडीच लागते?"

मैत्रिणींनो, काकूंचं अगदीच चूक नाही. बँकेत क्लार्क व्हायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, एम.कॉम. लागत नाही. शिवाय खुल्या गटाला वयाची अट अठ्ठावीसची. मग हा खटाटोप कशाला?

यवतमाळच्या बायकांना ते फोडून सांगायला नको. इथली बाबाजी दाते महिला सहकारी बँक आठवते ना? नावातच महिला. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला पाच हजारांपेक्षा जास्त काढता येईना. नोव्हेंबर 2022 मध्ये परवानाच रद्द झाला. ठेव विमा महामंडळाने तोवर 294 कोटींवर रक्कम ठेवीदारांना दिली होती. पण हा विमा व्याजासकट पाच लाखांपर्यंतच (2020 पूर्वी तर एकच लाख होता!). पूर्ण ठेव परत मिळू शकेल असे ठेवीदार 79 टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांची वरची रक्कम वसुलीच्या भरवशावर.

त्या बातमीनंतरच हिने प्रवेश घेतला. हप्ता नव्वद दिवसांवर थकला की कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए, हे तिला पुस्तकात कळलं. आपल्या कपाशीवाल्यांच्या पीककर्जाला मात्र दिवस नव्हे, हंगाम मोजतात. आणि एक गोष्ट वाचून तर ती दचकलीच. पतसंस्थेतल्या ठेवीला हा पाच लाखांचा विमा नसतोच! सासूबाईंच्या सोयाबीनचे पैसे होते गावच्या पतसंस्थेत. दोन टक्के व्याज जास्त म्हणून ठेवलेले.

तिने घरात आरडाओरडा केला नाही. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल एरवी डब्याखाली अंथरायच्या कामी यायचा, तो तिने काढला. ताळेबंदात थकबाकी शोधली, मागच्या वर्षाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने खूण केली. आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता.

सभासद सासूबाई, म्हणून सभेत बोलायचा हक्कही त्यांचाच. सुनेने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून दिला. अध्यक्ष म्हणाले, "आजी, चहा घ्या, मग बोलू."

सासूबाई उभ्याच राहिल्या. "चहा पिऊन आली मी. एनपीए किती झाला ते सांगा."